सातव्या कॅसेटमधली वाट

नाटकाची पोरं ग्रंथालयात यायची तेव्हा आधी आवाज यायचा, मग पोरं दिसायची. बाकीचे विद्यार्थी दारात चपला काढून मुकाट आत येत. ही मंडळी जिन्यापासूनच संवाद म्हणत यायची, एकजण मेलेला असायचा, दुसरा त्याच्या उरावर रडत असायचा आणि तिसरा मध्येच "चहा सांगितलाय का रे?" म्हणून विचारायचा. मी तेव्हा बारामतीत बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी तास आणि दुपारी बारापासून कॉलेजच्याच ग्रंथालयात काम. पुस्तकांवर शिक्के मारायचे, कार्डं लावायची आणि नाटकाच्या पोरांना हवं ते शोधून द्यायचं. हे शेवटचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कुणी ते घ्यायला तयार नव्हतं. त्या पोरांना काय हवंय हे त्यांनाच ठाऊक नसायचं. "काहीतरी वेगळं द्या," म्हणायची. वेगळं म्हणजे कसं, तर "म्हणजे असं, वेगळं." मी त्यांना कार्डांच्या खणांपाशी नेऊन उभं करायची. लेखकाचं कार्ड कुठलं, विषयाचं कुठलं, ते दाखवायची. नाटक काही नुसतं नाटकांच्या कपाटात नसतं, हे त्यांच्या डोक्यात शिरायला सहा महिने लागले. रंगमंचावर न्हाव्याचं दुकान उभं करायचंय? मग जुन्या मासिकांतले फोटो बघा. सरदाराचा पोशाख हवाय? इतिहासाचं कपाट उघडा. पुढे पुढे ती पोरं माझ्याशिवाय कार्डं चाळायला लागली तेव्हा मला उगाच वाईटही वाटलं होतं.

आमचे ग्रंथपाल सोनवणे सर. आवाज कधी चढला नाही, पण त्यांची भीती मात्र फार वाटायची. सरांच्या वडिलांना शाळेत वर्गाबाहेर, चपलांपाशी बसून शिकावं लागलं होतं. हे सरांनी मला एकदाच सांगितलं, तेही पुस्तकं पुसता पुसता. म्हणून 'मागेल त्याला द्यायचं' हा त्यांचा पहिला नियम होता, आणि 'द्यायचं ते राखून द्यायचं' हा दुसरा. प्रत्येक पुस्तकावर तीन शिक्के पडत. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि एका गुप्त पानावर. आमचं गुप्त पान एकतिसावं. कुणी आधीची पानं फाडून पुस्तक लांबवलं, तरी एकतिसाव्या पानावर ते आमचं निघायचं. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी सर कॉलेजचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून गावोगाव हिंडले होते आणि म्हाताऱ्या गाणाऱ्यांकडून सवाल-जवाबाची भेदिक गाणी, जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या उतरवून आणल्या होत्या. त्या चौदा कॅसेट माझ्या हाती देऊन ते म्हणाले होते, "नंबर डबीवर लाव आणि कॅसेटवरही लाव." मी तो फक्त डबीवर लावला. कॅसेटवर कागद चिकटवला तर मशीनमध्ये अडकेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण आळस, दुसरं काही नाही.

सातव्या कॅसेटमध्ये पळसदेवच्या धोंडीआबांची ओवी होती. ती भागाई नावाच्या धनगरणीची गोष्ट. दुष्काळात नवरा गेलेला, पदरात लेकरू, आणि ही बाई एकटी मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकाठानं चाऱ्याला निघते. बारा मुक्काम करते आणि बाराव्या मुक्कामाला तिला गवत भेटतं. गोष्ट एवढीच, पण सगळा जीव त्या वाटेत होता. कुठल्या पाणवठ्यावर मेंढरं बसली, कुठल्या उतारानं नदी ओलांडली, कुठल्या झाडाला लेकराची झोळी बांधली, हे आबा एकेक करून सांगत. त्यातली बरीच ठिकाणं जुन्या पळसदेवबरोबर उजनी धरणाच्या पाण्यात गेलेली. नाटकमंडळाचा विकास काळे, जो कधी दोन मिनिटं एका जागी बसला नव्हता, तो ती कॅसेट पहिल्यांदा लागली तेव्हा टेबलाला कोपरं टेकून पुतळ्यासारखा बसून राहिला. "हेच करायचं," म्हणाला. बारा दिवसांनी इंदापूरला युवक महोत्सव होता आणि त्यात धोंडीआबांचा सत्कारही ठरला होता. आबांची ओवी आबांच्याच पुढं म्हणायची, असं पोरांनी ठरवलं. सर खूश झाले. मी कॅसेट ऐकून ओवी वहीत उतरवून द्यायची आणि पोरांनी ती पाठ करायची, असं काम वाटून घेतलं.

ऐकून उतरवणं म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून कळायचं नाही. एक ओळ ऐका, बटण दाबा, लिहा, मागं घ्या, पुन्हा ऐका. चार दिवसांत मी भागाई घर सोडून निघते तिथपर्यंत आले. पुढची ओळ वाटेची. तेवढ्यात लाईट गेली. लाईट गेली की कॅसेट बाहेर काढून ठेवायची, नाहीतर फीत चिमटते, असं सरांनी सांगितलेलं. मी ती काढून टेबलावर ठेवली. विकासची सरावासाठी आणलेली कॅसेट तिथंच पडली होती. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही पांढऱ्या. अर्ध्या तासानं लाईट आली. विकास म्हणाला, "थोडा सराव भरून बघू या, माझा आवाज कसा येतो ते." मी कॅसेट घातली, दोन बटणं एकदम दाबली. विकास आबांच्या आवाजात गायला लागला, मध्येच आबांचा खोकलासुद्धा करून दाखवला. पोरं खिदळली. मीही हसले आणि म्हणाले, "खोकला तेवढा जमलाय, ओवी कधी जमायची?" अकरा मिनिटं आमचं हे चाललं होतं. मग ऐकायला म्हणून कॅसेट मागं घेतली, जरा जास्तच मागं गेली, आणि मशीनमधून धोंडीआबांचा आवाज आला. भागाईनं उंबरा ओलांडला, आणि लगेच विकासचा खोकला.

मी कॅसेट पुन्हा पुन्हा पुढंमागं केली, जणू आबांचा आवाज फितीत कुठंतरी दडून बसलाय. अकरा मिनिटांनंतर आबा पुन्हा लागत होते, बाराव्या मुक्कामाच्या गवतात मेंढरं शिरल्यापासून. मधली सगळी वाट गेली होती. आज ही गोष्ट सांगितली की माझा नातू विचारतो, "आजी, दुसरी कॉपी नव्हती का गं?" नव्हती. एक गाणारा, एक कॅसेट. दुसरी कॉपी काढायला सरांनी कॉलेजकडे नव्या कॅसेटी मागितल्या होत्या, त्या यायच्या होत्या.

सर त्या दिवशी पुण्याला गेले होते, सोमवारी येणार होते. पोरं एकेक करून खाली उतरली. विकास राहिला. शेवटी म्हणाला, "दहा-बारा ओळींचा तर प्रश्न आहे. आपण लिहू. चाल आपल्याला पाठ आहे." मी म्हटलं, "आणि ठिकाणं?" तो म्हणाला, "ती तू शोध. तुझ्याइतकं शोधायला कुणाला येतं?" ते ऐकून मला बरं वाटलं, हे मी आज लपवत नाही. मी उठले. जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं, धरणाच्या आधीचा तालुक्याचा नकाशा भिंतीवरच्या गुंडाळ्यांतून शोधून काढला, बुडालेल्या गावांची यादी एका जुन्या अहवालात मिळाली. नदीच्या काठानं बोट फिरवत मी बारा नावं उतरवली. विकासनं रात्रीतून त्यांची ओवी केली. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिली तर खरंच छान वाटत होती. भागाई एका गावाहून दुसऱ्या गावाला झपाझप चालली होती. मी इतकं नेटकं काम त्याआधी कधी केलं नव्हतं.

आमचं घर कन्हेरीला, वस्तीवर. माझ्या वडिलांना, तात्यांना, मी लहान असताना मेंढरं विकावी लागली. त्या पैशांत विहिरीवर इंजिन आलं आणि तात्या शेतकरी झाले. पण मेंढरं त्यांच्या अंगातनं गेली नव्हती. संध्याकाळी ओट्यावर बसले की हातात काही नसलं तरी बोटं लोकर पिंजल्यासारखी हलायची. झोपेत कधी 'हर्रर्र' करायचे आणि आई अंथरुणातूनच म्हणायची, "गेली वो मेंढरं, निजा." त्या शनिवारी संध्याकाळी आईनं हुलग्याचं माडगं केलं होतं. चुलीवर ते रटरटत होतं, आई भाकरी थापत होती, इंजिनाचा ठोका लांबून ऐकू येत होता, आणि मी उंबऱ्यात बसून विकासची ओवी वहीत नीट उतरवत होते. उतरवताना मोठ्यानं म्हणायची मला सवय होती. तिसऱ्या मुक्कामावर आले तर तात्यांची बोटं थांबली.

"ही कुठली वाट म्हनायची?" तात्यांनी विचारलं.

"धोंडीआबांची ओवी आहे तात्या. पळसदेवच्या."

"फुडं म्हन."

मी म्हटलं. पाचव्या मुक्कामाला त्यांनी हात वर केला. "थांब. हितनं तितं म्हंजी मधी भीमा आली. तितं उतार न्हाय. मेंढरं काय पवत न्यायची का? आन उन्हाळ्याची वाट हाय ना ही? मग काठ सोडून वर माळाला कशापायी जाईल ती बाई? पानी कुठं हाय तितं?" तात्या शांतपणे म्हणाले, "धोंडीआबा जलमभर मेंढरामागं चाललाय. त्यो असली वाट सांगायचा न्हाय. ही कुनीतरी कागदावर बसून केल्याली हाय."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, डबीचा नंबर, लाईट, खोकला, हसणं. आईच्या हातातली भाकरी तव्यात पडायच्या आधीच थांबली. तात्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला नुसता, आणि मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. "ववी धरली की शेवटाला न्यावी लागती," ते म्हणाले. "मधी इसारलं तर मानसांफुडं म्हनायचं, इसारलो, आन फुडं जायाचं. त्यात कमीपना न्हाय. पर पदरचं घालायचं न्हाय. पदरचं घाटलं की ववी मोडली. तुमी लोकं शिकल्याली, तुमाला कुनी इचारनार बी न्हाय. उद्याच्याला लोकं हीच खरी धरून चालतील." त्या रात्री माडगं कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. आईनं ते सकाळी गरम करून वाढलं, तेव्हा मीच सगळ्यात जास्त प्याले. भुकेला लाज नसते तसली भूक होती ती.

सोमवारी सर आले. त्यांच्या टेबलापुढं उभं राहून मी कॅसेट, वही आणि विकासची ओवी तिन्ही ठेवलं. विकासलाही बोलावलं होतं. तो दाराशीच रेंगाळला. सरांनी कॅसेट मशीनमध्ये घातली आणि पहिल्यापासून ऐकली. माझं हसणं आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. विकासचा खोकला आला तेव्हाही नाही. अकरा मिनिटं पूर्ण होऊ दिली. मग विकासची ओवी वाचली. "गॅझेटियर कुणी काढून दिलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मीच, सर." "अहवाल?" "मीच." सर म्हणाले, "चांगलं शोधलंस." इतकं कडू वाक्य मला आयुष्यात कुणी बोललं नाही. मग त्यांनी खणातून कर्कटक काढलं, उरलेल्या तेरा कॅसेट पुढ्यात घेतल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवरचा तो प्लास्टिकचा बारका तुकडा मोडत गेले. तो मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं," ते म्हणाले, "आता उद्या पळसदेवला जायचं. तिघांनी." मी म्हटलं, "आबांना सांगायचं?" "मग कुणाला सांगायचं?"

बारामतीहून भिगवण एसटीनं, तिथून हायवेला जीपनं पळसदेव. भिगवणच्या फाट्यावर तळलेल्या मासळीचा वास भरून राहिला होता. सर सगळ्या वाटेत चार वाक्यं बोलले असतील. धोंडीआबांचं घर नव्या गावठाणात होतं, दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. आबा घोंगडीवर बसले होते. दम्यानं छाती वरखाली होत होती, पण डोळे लखलखीत. सरांना बघून एवढा आनंद झाला त्यांना, की सुनेला हाका मारून म्हणाले, "सर आल्यात गं, चिलापी तळ." आणि सून खरंच मासे तळायला बसली. आम्ही कशाला आलोय हे सांगण्याआधीच आमच्यापुढं ताटं आली. खाल्लं नाही तर आबा दुखावतील आणि खावं तर घास फिरतोय. सरांनी भाकरी मोडली म्हणून आम्हीही मोडली. तो मासा मी काटे न काढता गिळला असेल.

हात धुतल्यावर सरांनी मला खूण केली. मी सांगितलं. आबांना नीट कळेना, म्हणून टेप लावला. त्यांचा स्वतःचा आवाज ऐकून ते मान डोलवायला लागले, भागाईनं उंबरा ओलांडला तशी मांडीवर थाप मारली, आणि मग विकास खोकला. आबांची मान थांबली.

"कोन हसतंय ह्यात?" त्यांनी विचारलं.

"मी, आबा."

"आन खोकतंय?"

विकास खाली बघत म्हणाला, "मी."

"खोकला झकास केलाईस," आबा म्हणाले. "माजी वाट कुठं हाय पर?"

सरांनी टेप बंद केला. "आबा, तेवढाच भाग परत सांगता का? गायचं नाही. नुसतं सांगा, ही लिहून घेईल." मी वही उघडली. मला धीर आला होता, कारण माणूस समोर बसला होता, जिवंत, आणि त्याच्या तोंडात ती वाट असणारच होती. आबांनी उजव्या हाताचा अंगठा बोटाच्या पेरावर टेकवला. चार बोटं, बारा पेरं, बारा मुक्काम. "खडकाचा पानवठा," ते म्हणाले. अंगठा सरकला. "दोन बाभळी." सरकला. "गवळनीचा उतार." मग चौथ्या पेरावर अंगठा थांबला. तो तिथंच चोळत राहिला. आबांनी डोळे मिटले, पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चौथ्यावर अडकले. पाचवं आलं. सहावं आलं. सातव्यावर थांबले. सून चुलीपाशी उठून उभी राहिली. एक तास गेला असेल. बारातली सात ठिकाणं वहीत आली, पाच पेरं रिकामी राहिली.

"मला येत हुतं," आबा म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "रोज म्हनायचो मी. गाव पान्यात गेलं तवापास्नं रोज सकाळी उठलं की बारा ठिकानं म्हनायची, मग तोंड धुवायचं. म्हणलं, जमीन गेली, ठिकानं तरी तोंडात ऱ्हाऊ द्यात. मग सर आलं. सर म्हणलं, आबा, आता ही ग्रंथालयात ऱ्हातील, कायमची. म्हणलं, बरं झालं. सुटलो. त्या दिसापास्नं म्हनायचं सोडलं मी. आता तितं हाईत म्हणल्यावर मी कशाला वझं व्हायाचं?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. पुसतच राहिले. माझ्या हातातल्या वहीवर सात ओळी होत्या आणि मधे मी आशेनं सोडलेल्या पाच कोऱ्या ओळी. माझ्यामुळं काय गेलं, ते मला त्या क्षणी कळलं. तोवर मी फक्त एक कॅसेट खराब केली आहे, असं समजत होते.

विकासनं हळूच विचारलं, "आबा, मग आम्ही इंदापूरला हे करू नये का?" आबा तडक म्हणाले, "करायचं. ववी धरलीया नव्हं तुमी? मग शेवटाला न्यायची. सात हाईत ती म्हनायची. पाचाच्या जागी थांबायचं आन सांगायचं, हितला मुक्काम गेला." विकास म्हणाला, "लोक हसतील." "हसूद्यात. तुमी बी हसलासा की." मग ते माझ्याकडे वळले. "आन ते सांगनार कोन? जिच्या हातनं गेलं ती. गानाऱ्यानं न्हाय सांगायचं." मी आयुष्यात कधी स्टेजवर पाय ठेवला नव्हता. वर्गात हजेरीला 'येस सर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. मी सरांकडे पाहिलं, ते काहीतरी म्हणतील म्हणून. सरांनी चष्मा घातला आणि म्हणाले, "तिला जमेल."

ते चार दिवस मी कसे काढले ते विचारू नका. एकच वाक्य होतं, ते मी हजारदा म्हटलं आणि हजारदा चुकले. पोरं तालमीत मला पुढं ढकलायची, मी दोन पावलं यायची आणि मागं पळायची. शनिवारी पहाटे तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि आईला म्हणाले, "मी बी इंदापूरला जाऊन येतो." मला ते ऐकून हायसं वाटायला हवं होतं. एक जज्ज वाढला एवढंच.

इंदापूरच्या त्या कॉलेजच्या मैदानात मांडव होता. दुपारचं ऊन कापडातून पिवळं होऊन खाली पडत होतं. आमचा नंबर पाचवा. पहिल्या रांगेत पाहुणे, आणि त्यांच्यात सत्काराची शाल अंगावर तशीच घेऊन बसलेले धोंडीआबा. तात्या मागं बांबूला टेकून उभे होते. ढोल वाजला, कैताळांची, म्हणजे मोठ्या झांजांची, जोडी खणखणली, आणि विकासनं ओवी धरली. खोकल्याची नक्कल करणारा तो हाच मुलगा, हे कुणाला खरं वाटलं नसतं. भागाईनं उंबरा ओलांडला. खडकाचा पाणवठा आला. दोन बाभळी आल्या. गवळणीचा उतार आला. मग ढोल थांबला, विकास बाजूला सरला आणि मी पुढं झाले. माइकची उंची माझ्यासाठी नव्हती. मी टाचा उचलल्या. "हितला मुक्काम माझ्या हातनं गेला," मी म्हणाले.

मांडव हसला. त्यांना वाटलं, विनोद आहे. बिचारी वाक्य विसरली आणि सावरून घेतेय. कुणीतरी शिट्टीही मारली. मी मागं झाले, ढोल सुरू झाला, भागाई पुढचे दोन मुक्काम चालली. पुन्हा ढोल थांबला. मी पुन्हा तेच म्हणाले. या वेळी मागची पोरं तेवढी हसली, पुढं बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. परीक्षकांतल्या एकानं कागदावरून मान वर केली. पुढं लगेचच तिसरी रिकामी जागा. मी म्हणाले तेव्हा कुणी हसलं नाही. लोकांना कळलं होतं. त्या मांडवात निम्मी माणसं अशी होती, की ज्यांचं काही ना काही पाण्याखाली होतं. चौथ्या वेळी माझा आवाज बसला. शब्द निघाले, पण ते कुणाला ऐकू गेले की नाही देव जाणे. विकासनं जाताना माझ्या हाताला हात लावला आणि दहाव्या मुक्कामाची ओवी धरली. तिच्या शेवटी शेवटची रिकामी जागा होती. मला वाटलं, आता माझ्यानं होणार नाही. डोळ्यांपुढं मांडव पोहायला लागला होता. ढोल थांबला. मी माइकपाशी आले, टाचा उचलल्या, तोंड उघडलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. धोंडीआबा काठीवर जोर देऊन उभे राहत होते. बाजूच्या पाहुण्यानं त्यांना धरायला हात पुढं केला, तो त्यांनी झटकला. मांडवात एवढी शांतता होती, की त्यांच्या छातीची घरघर मला स्टेजवर ऐकू येत होती. त्यांनी माझ्याकडं पाहून मान हलवली, नको म्हणून. मग लोकांकडं वळले.

"ह्यो तिच्या हातनं न्हाय गेला," आबा म्हणाले. "ह्यो माझ्या हातनं गेला."